बोअरमध्ये पडलेले पाच पाइप

मी हापशांचा मिस्त्री होतो. आजरा आणि चंदगड या दोन तालुक्यांत मिळून तीसेक वर्षं पंचायत समितीच्या गाडीतून पान्हे घेऊन फिरलो. हापसा बंद पडला की गावातून निरोप यायचा. आम्ही चौघं जायचो, बोअरमधले पाइप एकेक करून वर काढायचो, तळाच्या सिलिंडरमधले झिजलेले वायसर बदलायचो आणि पाइप पुन्हा खाली सोडायचो. पाणी आलं की बायकांची घागरी लावायची गडबड सुरू व्हायची. आम्ही सामान आवरून पुढच्या गावाला निघायचो. कुणी थांबवून चहा पाजला तर पाजला.

मी निवृत्त व्हायच्या आधीच गावोगाव नळ पोचले होते. चांगलंच झालं ते. पण त्यामुळे हापसे तसेच गंजत उभे राहिले. काहींच्या दांड्याला म्हशी बांधलेल्या मी बघितल्या. कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या घरी येऊन बसलो तेव्हा माझ्याकडे एका पोत्यात पान्हे होते आणि डोक्यात अशी विद्या होती, जी आता कुणालाच नको होती. सकाळी चहा, पेपर, मंडईतून भाजी, दुपारी झोप. बायको म्हणायची की माणूस इतका गप्प कसा झाला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त प्राध्यापक राहतात. मी त्यांना सर म्हणतो. त्यांचा एक जुना विद्यार्थी आफ्रिकेत, झांबिया देशात, दवाखान्यात डॉक्टर आहे. तिथल्या खेड्यांत लोक ओढ्याचं गढूळ पाणी पितात आणि पोरं आजारी पडतात, असं तो कळवायचा. म्हणून सर आणि त्यांच्या ओळखीच्या दहा-बारा जणांनी इथं कोल्हापुरात मदत गोळा करायला सुरुवात केली होती. तिथं एक नवा हापसा बसवायचा, असा त्यांचा बेत होता. एक दिवस सर मोबाइल घेऊन घरी आले आणि म्हणाले, मिस्त्री, जरा हा फोटो बघा.

मी चष्मा लावला. लाल माती, मागं गवताच्या छपरांची घरं आणि मध्ये हापसा. तोच दांडा, तीच टाकी, तोच तीन पायांचा बैठा स्टँड.

"सर, हा आपलाच की," मी म्हणालो.

हा हापसा आपल्याकडे तयार झाला आणि पुढं तिकडच्या कितीतरी देशांनी तोच घेतला, हे सरांनी सांगितलं. मी आयुष्यभर तो खोलला आणि जोडला, पण तो इतका लांब गेलाय हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, तिथं आधीचे किती आहेत? सर म्हणाले, त्या भागात बरेच आहेत, पण बहुतेक बंद आहेत. काय बिघडलंय? ते कुणाला सांगता येत नव्हतं. तेव्हा मी बोलून गेलो की सर, मग नवा बसवून काय उपयोग? दोन वर्षांत तोही बंद पडणार. तिथं हापसा खोलणारं माणूस पाहिजे.

सरांनी फोन खिशात ठेवला. मग त्यांनी विचारलं, तुम्ही शिकवाल का?

मी हो म्हणालो. मला वाटलं, बोलण्यावारी गेलं. पण सर मागं लागणारा माणूस आहे. वर्षभर पत्रं, व्हिसा, तिकिटं असं सगळं चाललं होतं आणि गोळा झालेली मदत त्यांनी नव्या हापशाऐवजी या कामाला लावली. एका फेब्रुवारीत तिथली दोन माणसं सहा आठवड्यांसाठी कोल्हापुरात आली. मी दोन दणकट गड्यांची वाट बघत होतो. आल्या दोन बायका.

थोरली पन्नाशीची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. ती त्यांच्या गावच्या पाणी समितीची प्रमुख होती आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. धाकटी तिशीची, शाळेत शिकवणारी, सगळ्याचं इंग्रजी करून सांगणारी. ती सरांना सांगायची, सर मला सांगायचे, आणि माझं उत्तर त्याच वाटेनं परत जायचं. पहिल्या दिवशी एका वायसरची गोष्ट सांगायला अर्धा तास लागला. खरं सांगतो, त्या रात्री मी बायकोला म्हणालो की हे काही जमायचं नाही. पाइप वर ओढणं हे बायकांचं काम नव्हे.

बायको म्हणाली, "आणि घागरी ओढणं कुणाचं काम हाय?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच त्या दोघी उतरल्या होत्या त्या लॉजवर गेली. तिथलं जेवण त्यांना सोसत नव्हतं, थोरली दोन दिवस केळ्यांवर होती. बायकोनं त्यांच्या बॅगा उचलल्या आणि त्यांना घरी आणलं. आमच्या मुलीची खोली रिकामीच होती, ती नांदायला गेल्यापासून.

स्वयंपाकघरात त्या तिघींचं सूत जमलं ते मात्र कुणाच्या मध्यस्थीशिवाय. बायकोनं गिरणीतून मक्याचं पीठ दळून आणलं. थोरलीनं त्याची घट्ट उकड शिजवली, ती त्यांची रोजची भाकरी. सोबत पालेभाजी करताना तिनं ओट्यावरचा शेंगदाण्याच्या कुटाचा डबा उघडला, वास घेतला आणि चांगला मूठभर कूट भाजीत घातला. बायको बघतच राहिली. आमच्याकडे कूट पडल्याशिवाय भाजी होत नाही, आणि त्यांच्याकडेही होत नाही. त्या दिवसापासून थोरली बायकोला 'आमाई' म्हणू लागली. त्यांच्या भाषेत आईसाठी तोच शब्द आहे. मला त्या 'बाम्बो' म्हणायच्या, म्हणजे बाबा. पेठेतली पोरं त्यावरून हसायची. मला ते आवडायचं.

शिकवणीसाठी सरांनी एका शाळेच्या मागचा बंद हापसा मिळवला होता. तिथं आम्ही रोज सकाळी तो खोलायचो आणि जोडायचो. पहिल्या आठवड्यातच मला कळून चुकलं की माझा अंदाज साफ चुकला होता. थोरलीच्या हातात पान्हा शोभत होता. तिला सांगावं लागायचं नाही, दाखवलं की पुरे. आटे जुळताना ती डोळे मिटून बोटांनी अंदाज घ्यायची. धाकटी वहीत प्रत्येक भागाचं चित्र काढायची आणि शेजारी तीन भाषांत नाव लिहायची. वायसरला मराठीत काय म्हणतात, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, वायसरच. ती म्हणाली, मग एक भाषा कमी झाली. मलाही एक शब्द आला. पाण्याला त्या 'माड्झी' म्हणायच्या.

याच दिवसांत आणखी मदतीसाठी सरांच्या मंडळींनी एक पोस्टर छापून आणलं. त्यावर एक रडणारं, हाडं निघालेलं आफ्रिकन पोर होतं. कुणीतरी इंटरनेटवरून घेतलेलं. सरांनी ते कौतुकानं आमच्या घरी आणलं. धाकटीनं ते नीट बघितलं, थोरलीला दाखवलं. दोघींचं त्यांच्या भाषेत काही बोलणं झालं. मग धाकटी शांतपणे सरांना म्हणाली की हे आमच्या गावचं मूल नाही. आमच्या गावात मुलं आजारी पडतात हे खरं, पण आम्ही इथं रडायला आलेलो नाही, शिकायला आलोय.

सर माझ्यापेक्षा वयानं मोठे, शिकलेले, पेठेत मान असलेले. मला वाटलं, आता त्यांना राग येणार. त्यांनी पोस्टर गुंडाळलं, हात जोडले आणि चूक झाली असं सरळ कबूल केलं. दुसऱ्या पोस्टरवर थोरलीचा फोटो आला, दोन्ही हातांत पाइपाचा पान्हा धरलेला, चेहऱ्यावर जराही हसू नसलेला.

ते पोस्टर घेऊन मी स्वतः उद्यमनगरातल्या कारखान्यांत फिरलो. त्यांच्या गावाला हत्यारं हवी होती. हापसा खोलायची हत्यारं वेगळी असतात, साध्या दुकानात मिळत नाहीत. पाइप धरायचा क्लॅम्प, उचलायचे दांडे, रॉड पकडायचा शिकंजा. असे दहा संच पाहिजे होते. पैसे मागायची मला लाज वाटत होती, म्हणून मी कामच मागितलं. एका लेथवाल्यानं आटे पाडून द्यायचं कबूल केलं. एकानं लोखंड दिलं. एक भट्टीवाला होता, तोंडाचा फटकळ. मी सगळं सांगेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. मग म्हणाला, "पावणं, एवढं भाषाण कशाला? नमुना ठेवा आणि शनवारी या." शनिवारी सगळे दांडे तयार होते आणि प्रत्येकाच्या त्यानं हाताला लागू नये म्हणून कडा घासून घेतल्या होत्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या पंधरवड्यात खरा हापसा दुरुस्त करायला आम्ही चंदगडला गेलो. डोंगरातली एक वस्ती. चंदगड म्हणजे पावसाचा तालुका, पण उन्हाळ्यात या वरच्या वस्त्यांवर पाण्याचे हाल होतात. नळ आहे, पण वीज गेली की तोही कोरडा. म्हणून तिथला जुना हापसा चालू व्हावा, अशी लोकांचीच मागणी होती. काजूला मोहोर होता आणि सगळीकडे त्याचा वास भरून राहिलेला. ज्यांच्या परड्यालगत हापसा होता ते म्हातारे शेतकरी, सगळे त्यांना मामा म्हणायचे, त्यांनी मला ओळखलं. वीस वर्षांपूर्वी मीच तो शेवटचा दुरुस्त केला होता.

काम बघायला सगळी वस्ती जमली. आणि मी, एरवी कामात तोंड न उघडणारा माणूस, त्या दिवशी बोलायला लागलो. मामांना जुन्या गोष्टी, बायकांना हापशाची माहिती, सरांना विनोद. दहा पाइपांतले पाच वर आले होते. पाइप काढताना एकच नियम आहे. वरची पकड पक्की बसल्याशिवाय खालचा क्लॅम्प सोडायचा नाही. हे मी त्या दोघींना रोज सांगत होतो. आणि मागं वळून मामांशी बोलता बोलता मीच क्लॅम्प सैल केला. वरची पकड अजून बसलेली नव्हती.

सर्रकन आवाज झाला. मग खोल तळातून एक धप्प. पाच पाइप आणि सिलिंडर बोअरच्या तळाशी गेले.

तीस वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. आता बोअर कायमचा गेला, असंच मी धरून चाललो. लोकांना पाणी द्यायला आलो आणि त्यांचा होता तो हापसाही घालवला. मी काजूच्या झाडाखाली जाऊन बसलो. सर पाणी घेऊन आले.

थोड्या वेळानं थोरली माझ्याशेजारी येऊन मातीत बसली. धाकटी आणि सर मागं उभे राहिले. ती काहीतरी म्हणाली आणि ते सांगत सांगत माझ्यापर्यंत पोचलं. त्यांच्या गावातही पाइप असाच पडला होता, दोनदा. एकदा तिच्याच भावाच्या हातून. मग तिनं काटकी घेतली आणि मातीत चित्र काढायला लागली. एक लांबट टोपली, तोंडाशी रुंद. आत, तोंडापाशी, सगळीकडून आत वळलेल्या काड्या. मला काही कळेना. धाकटी शब्द शोधत होती. तेवढ्यात मामा वाकून बघायला लागले.

"ही तर मासं धरायची टोपली," ते म्हणाले.

ते उठून घरात गेले आणि माळ्यावरून बांबूची एक टोपली घेऊन आले, काजळीनं काळी झालेली. पावसाळ्यात ओढ्यात लावतात ती. मासा आत जातो तेव्हा काड्या बाजूला होतात, परत फिरला की काड्या त्याला अडवतात. थोरलीनं ती हातात घेतली, आत हात घालून काड्या चाचपल्या आणि मोठ्यानं हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तिला तसं हसताना बघितलं. त्यांच्या नदीवर अशाच टोपल्या असतात, ती म्हणाली. फक्त तिथं वेताच्या.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पडलेल्या पाइपाच्या वरच्या टोकाला सॉकेट असतं, पाइपापेक्षा जाड. त्यावरून जाईल असं रुंद नळकांडं घ्यायचं, त्याच्या अंगाला जिभा कापून त्या आत वाकवायच्या. खाली सोडलं की सॉकेट जिभांना बाजूला सारून आत शिरेल, आणि वर ओढलं की जिभा सॉकेटच्या खाली अडकतील. मासा नाही, पाइप.

खाली गावात एक वेल्डिंगवाला होता. त्याच्याकडे जाड नळकांड्याचा तुकडा मिळाला. जिभा मी कापल्या, पण वाकवल्या थोरलीनं, टोपली शेजारी ठेवून, पुन्हा पुन्हा तिच्याकडे बघत. पहिल्या खेपेला त्या फार आत आल्या, सॉकेट शिरेना. दुसऱ्या खेपेला फार सैल, तिसऱ्या खेपेला जमल्या. रात्री मामांच्या घरी मुक्काम केला. मला जेवण गेलं नाही. मामांच्या बायकोनं बळेच ताटात भात वाढला आणि म्हणाली, "निघंल की सकाळी. न्हाय निघालं तर परवा निघंल."

दुसऱ्या दिवशी वर काढलेले पाच पाइप आणि ग्रामपंचायतीच्या आवारात पडलेले चार, असे जोडून ते नळकांडं आम्ही खाली सोडलं. क्लॅम्प धाकटीच्या हातात होता. मी तो मागितला नाही. खाली टेकल्याचं जाणवलं. थोरलीनं वरचा पाइप दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि हळूच फिरवला. मग वर ओढायची खूण केली. पहिल्यांदा हलकं आलं, म्हणजे रिकामं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी आम्ही सहा जणांनी ओढलं आणि वजन लागलं. मामा नुसतं म्हणाले, "आलं."

मला रडू आवरलं नाही. भर दुपारी, सगळ्या वस्तीसमोर. थोरलीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, पण पाइप सोडला नाही.

संध्याकाळपर्यंत नवे वायसर टाकून सगळं परत खाली गेलं. पहिलं पाणी लाल आलं, मग पिवळसर, मग चांगलं. आम्ही सामान आवरून निघालो तर बायकांनी घागरी बाजूला ठेवल्या आणि त्या दोघींच्या ओटीत काजू घातले. माझ्याही हातात एक पिशवी आली. मी म्हणालो, पाइप तर मीच पाडले होते. मामा म्हणाले, "म्हणून तर दोन दिस ऱ्हायलासा. न्हायतर नेहमीगत च्या पिऊन गेला असता."

परतीच्या वाटेवर मी थोरलीला त्यांच्या भाषेत आभार कसे मानतात ते विचारलं. झिकोमो, ती म्हणाली. मी ते चारदा म्हणून बघितलं. तिनं दोनदा दुरुस्त केलं.

मार्चअखेर त्या परत गेल्या. दहा संच लाकडी पेट्यांत घालून आधीच जहाजानं पाठवले होते. प्रत्येक पेटीत उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं आत वळलेल्या जिभांचं एकेक नळकांडं टाकलं होतं, आता नीट मापात केलेलं. स्टेशनवर बायको आणि थोरली बराच वेळ हात धरून उभ्या होत्या. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि मध्ये सांगायला कुणीच नव्हतं.

पुढं वर्षभर माझ्या मोबाइलवर फोटो यायचे. खोललेलं सिलिंडर, तुटलेली साखळी, झिजलेला रॉड. धाकटी विचारायची, बाम्बो, हे काय झालंय? मी सरांकडे धावत जायचो, उत्तर लिहून घ्यायचो. हळूहळू माझं मलाच चार ओळी लिहिता यायला लागल्या. ज्या गावांची नावं मला उच्चारता येत नाहीत, तिथल्या हापशांच्या खोडी मला आता पाठ आहेत. बंद पडलेल्यांपैकी बरेच चालू झाले. सगळे नाही. दोन ठिकाणी बोअरच कोरडे गेलेत, त्याला माझ्याकडे उपाय नाही, हेही मी कळवलं.

मला कुणी विचारलं की तुम्ही तिकडच्या लोकांसाठी एवढं केलं, तर मला अवघडल्यासारखं होतं. मी काय केलं? जे येत होतं ते दाखवलं, आणि एकदा चुकलो. जे मिळालं ते मात्र खूप आहे. माझी तीस वर्षं कुणीतरी माझ्या हातून घेतली, वहीत उतरवली आणि कामाला लावली. असं भाग्य किती मिस्त्रींना मिळतं?

गेल्या महिन्यात धाकटीचा एक व्हिडिओ आला. त्यांनी शेजारच्या तालुक्यातल्या शाळेचा हापसा दुरुस्त केला होता. मी बघितलं तर काम होऊन चार दिवस झालेले. या वेळी तिनं काही विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. मी बायकोला दाखवलं आणि म्हणालो, आता त्यांना माझी गरज लागत नाही.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग शिकवलं कशाला हुतं?" आणि व्हिडिओ परत लावायला सांगितला, कारण मागं उभ्या असलेल्या बायकांत थोरली कुठं आहे ते तिला बघायचं होतं.